ब्रेकच्या पेशी आणि माझी दोन पत्रकं

काजव्याचा जीन आमच्या पेशींमध्ये होता, पण त्याचा उजेड आम्ही कधी डोळ्यांनी पाहिला नाही. ठाण्यात खाडीच्या बाजूला असलेल्या एका औषध कंपनीच्या संशोधन विभागात मी चार वर्षं नोकरी केली. त्यातली तीन त्या न दिसणाऱ्या उजेडामागे गेली. एकदा कंपनीचे मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन आले आणि म्हणाले, "मॅडम, दाखवा तुमचे काजवे."

आमच्या मॅडमनी खोलीतले दिवे घालवले. सगळे पाचेक मिनिटं अंधारात उभे राहिले.

"काहीच दिसत नाही," साहेब म्हणाले.

"बरोबर आहे. मलाही दिसत नाही. यंत्राला दिसतं."

पाहुणे हसले, साहेब हसले नाहीत. मॅडम कंपनीतल्या एकमेव बाई विभागप्रमुख होत्या आणि समोरच्याला बरं वाटावं म्हणून काही बोलायची त्यांना सवय नव्हती. ही गोष्ट त्यांची आहे. मी त्यांचं काय केलं, त्याची आहे.

आधी काम काय होतं ते सांगते. आपल्या रक्तात पहारा करणाऱ्या पेशी असतात. परकं काही दिसलं की त्या जाग्या होतात आणि चाल करून जातात. पण त्यांना थांबताही यायला हवं, नाहीतर त्या आपल्याच शरीरावर उलटतील. म्हणून त्यांच्या अंगावर एक ब्रेक असतो. तो सोडवला तर उंदरांच्या अंगातल्या कर्करोगाच्या गाठी विरघळतात, असं परदेशी नियतकालिकांतून त्या वर्षांत नुकतंच छापून यायला लागलं होतं. आमच्या मॅडम ते वाचून स्वस्थ बसणाऱ्यांतल्या नव्हत्या.

पण पेशी जागी झाली की तिच्यावर ब्रेक लागला, हे ओळखायचं कसं? त्यासाठी एक युक्ती करतात. पेशी जागी होताना तिच्या आत जो खटका दाबला जातो, त्या खटक्याला काजव्याचा जीन जोडायचा. मग पेशी जागी झाली की काजव्याचं रसायन बनवते. ती पेशी फोडून त्यात दुसरं एक रसायन घातलं की अगदी मंद उजेड पडतो. यंत्र तो मोजतं आणि कागदाच्या पट्टीवर आकडा छापतं. पेशी अशी खबर देते म्हणून तिला रिपोर्टर पेशी म्हणतात.

मॅडमनी अशा दोन प्रकारच्या पेशी तयार केल्या होत्या. 'अ' पेशींमध्ये काजवा होता, ब्रेक नव्हता. 'ब' पेशींमध्ये काजवाही होता आणि ब्रेकही. दोघींना जागं करून ब्रेक दाबला की 'अ' लख्ख उजळायच्या आणि 'ब' मंद व्हायच्या. आता एखाद्या औषधाने 'ब'चा उजेड वाढला आणि 'अ'चा जसाच्या तसा राहिला, तर त्या औषधाने ब्रेक सोडवला असं समजायचं. सारा खेळ त्या दोघींमधल्या फरकाचा.

तपासायला औषधं कुठून आणायची? मॅडम रविवारी घोडबंदर रोडला जायच्या. तेव्हा तिथे झाडी होती आणि दुपारी चिटपाखरू नसायचं. तिथली माती पिशव्यांत भरून आणायच्या, त्यातली बुरशी वाढवायच्या आणि तिचा अर्क काढून आमच्या पेशींवर घालायच्या. शेकडो अर्क वाया गेले. एका अर्काने मात्र 'ब'चा उजेड परत आणला आणि 'अ'ला हातही लावला नाही. मॅडमनी तो प्रयोग तीनदा केला, तिन्ही वेळा तेच झालं. त्या दिवशी त्यांनी आम्हा दोघींना डबा उघडून शिरा दिला. कारण सांगितलं नाही.

दोघी म्हणजे मी आणि हिराताई. हिराताई जवळच्या कोळीवाड्यातून यायच्या आणि काचेचं सामान धुवायच्या. पेशींना द्रव घालायच्या लांब काचेच्या नळ्या, म्हणजे पिपेट, तेव्हा एकदा वापरून फेकत नसत. त्या ॲसिडात बुडवून, पंचवीस पाण्यांतून काढून पुन्हा वापरायच्या. हिराताईंच्या बोटांची टोकं त्या ॲसिडाने पिवळी पडून भेगाळली होती. मला ती बोटं बघवत नसत.

मी विठ्ठलवाडीची. बाबा कल्याणच्या एका छापखान्यात शिशाचे खिळे जुळवणारे कंपोझिटर होते. घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. संपाची, भाववाढीविरुद्धची, बुवाबाजीविरुद्धची, बाईने चार दिवस बाजूला का बसायचं असं विचारणारी. मी त्यांच्या प्रुफांवर अक्षरं शिकले. बाबा ती पत्रकं जुळवायचे आणि आई घरात बाजूलाच बसायची. चौदाव्या वर्षी मीच आईचा हात धरून तिला ओट्यापाशी उभी केली होती. त्यामुळे "शिवू नको" हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरायचं. आजही फिरतं.

आणि मॅडमच्या आतल्या खोलीत तोच कायदा. चपला बाहेर. हात कोपरापर्यंत धुवायचे. सर्दी असली तर आत यायचं नाही. हिराताईंनी दारापर्यंतच यायचं. पेशी ज्या गुलाबी द्रवात वाढतात त्याला मीडियम म्हणतात. 'अ'ची मीडियमची बाटली वेगळी, 'ब'ची वेगळी, जरी दोन्हींत एकाच पातेल्यातलं मीडियम असलं तरी. एकीचं काम संपल्यावर ओटा पुसून अर्धा तास थांबायचं, मग दुसरीची बाटली उघडायची. दर वेळी पिपेट ताजी धुतलेली.

"मॅडम, हे सोवळं आहे," मी एकदा म्हणाले.

"असू दे. याला कारण आहे."

"सोवळं पाळणारे सगळे हेच म्हणतात."

"एक पेशी जरी इकडची तिकडे गेली तरी पुरते. वाद छान घालतेस तू. आता पिपेट बदल."

त्यांनी कारण दिलं होतं, हे आज लिहिताना लक्षात येतं. तेव्हा मला फक्त हुकूम ऐकू आला.

मग मॅडम आठ आठवड्यांसाठी परदेशी प्रशिक्षणाला गेल्या आणि आतली खोली माझ्या ताब्यात आली. पहिल्याच सोमवारी मी क्रांती केली. हा शब्द मी चेष्टेने लिहीत नाही, मला खरंच तसं वाटलं होतं. दोन्ही पेशींना एकच बाटली. एकाच बैठकीत दोघींचं काम. एका पिपेटने आधी 'अ'ला मीडियम, मग त्याच पिपेटने 'ब'ला. म्हणजे हिराताईंना धुवायला निम्म्या पिपेट. मी दार सताड उघडून त्यांना म्हणाले, "हिराताई, आजपासून तुम्ही आत यायचं."

"मी नाय येनार."

"का? तुम्हाला इथे कमी लेखतात म्हणून?"

"मना कोन कमी लेखतंय? मी सकाली जवला निवडून आलेय. ओला जवला सुक्यात पडला तं आख्खं टोपलं वास मारतं. तुमचं पन तसंच कायतरी असंल."

"हे तुमच्या डोक्यात भरवलंय लोकांनी."

"बाय, माज्या डोक्यात भरवायला मोप जनं येऊन गेली. तू त्यांच्यात धाकटी." मग त्यांनी ट्रेमध्ये पाहिलं. "आज निम्म्याच नल्या?"

"आता रोज निम्म्याच."

"मॅडमला इचारलंस?"

मी ट्रे त्यांच्याकडे सरकवला. ज्या बाईसाठी मी लढत होते, तीच मला हे विचारते याचा मला राग आला होता.

बाहेरच्या वाचकाला वाटेल, पेशींमध्ये घाण गेली तर दिसेलच की. जंतू गेले तर दिसतं. गुलाबी मीडियम एका रात्रीत पिवळं आणि गढूळ होतं. माझं मीडियम आठही आठवडे नितळ होतं. मी ते रोज पाहायचे आणि मनात म्हणायचे, बघा, काय बिघडलं? पण 'ब'च्या घरात 'अ' गेली तर काहीच दिसत नाही. दोघी सख्ख्या बहिणी. सूक्ष्मदर्शकाखाली तेच गोल, तेच चमकदार. फरक एवढाच की ब्रेक नसलेली 'अ' भराभर वाढते आणि 'ब' सावकाश.

मॅडम परतल्या. आल्याआल्या त्यांनी तो अर्क घेऊन प्रयोग लावला, कारण पुढच्या महिन्यात संचालकांसमोर तो मांडायचा होता. पट्टी बाहेर आली. 'अ' लख्ख. 'ब'ही लख्ख. ब्रेक लागतच नव्हता, मग अर्क सोडवणार काय? दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

मॅडमनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "मी नसताना बाटल्या वेगळ्याच वापरल्या ना?"

"तुम्हाला म्हणायचंय मी घाण केली?"

"मी बाटल्यांचं विचारतेय."

"पेशी स्वच्छ आहेत, मॅडम. एकदाही मीडियम गढूळ झालं नाही. रजिस्टर बघा."

त्यांनी रजिस्टर बघितलं नाही. माझ्याकडे पाहिलं आणि माझ्यावर विश्वास ठेवला. मी एक शब्दही खोटा बोलले नव्हते. फक्त जे विचारलं होतं त्याचं उत्तर दिलं नव्हतं. या एका गोष्टीसाठी मी स्वतःला कुठलीच सवलत देऊ शकत नाही. बाकीचं अज्ञान होतं. हे अज्ञान नव्हतं.

पुढचे काही आठवडे मॅडम मीडियम बदलत राहिल्या, रसायनं बदलत राहिल्या. नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवलेल्या जुन्या 'ब' पेशींची एक कुपी त्यांनी वितळवली. त्या पेशी मेल्या, असं होतं. मग शेवटची कुपी वितळवली. ती तगली, पण प्रयोगाइतक्या पेशी वाढायला तीन आठवडे हवे होते.

त्या तीन आठवड्यांत मी मॅडमच्या जुन्या वह्या वाचल्या. एका पानावर पेन्सिलीचे आकडे खोडून वर शाईने लिहिले होते. तेवढं पुरलं. मला वाटलं, फरक कधी नव्हताच. बाईने शाबासकीसाठी आकडे तयार केले आणि आता पकडली जाणार म्हणून मला बाटल्यांचं विचारतेय. मी दोन रात्री जागून पत्रक लिहिलं. मथळा होता : "प्रयोगशाळेत आकडे शिजतात!" मॅडमचं पूर्ण नाव तीन वेळा घातलं.

बाबांनी ते जुळवायला घेतलं. "उद्गारचिन्हं संपली माझ्या खिळ्यांच्या केसमधली," ते म्हणाले. मग चष्मा वर करून त्यांनी विचारलं, "अगं, त्या बाईंना विचारलंस का हे?"

"विचारून काय होणार? त्या नाहीच म्हणणार."

"तेही छापता आलं असतं. त्या नाही म्हणतात, असं."

"बाबा, तुम्ही म्हातारे झालात."

त्यांनी निमूटपणे दोनशे प्रती काढल्या. पाळी सुटताना मी गेटवर उभी राहून त्या वाटल्या. लोकांनी उभ्याउभ्या वाचल्या. आवाज उठवला की छातीत जे भरून येतं, ते आलं.

साहेबांनी मला वर बोलावलं, बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. "तुमच्यासारखी धाडसी मुलं कंपनीला हवीत," ते म्हणाले. ज्या माणसाविरुद्ध पत्रक निघायला हवं होतं, तो माझं पत्रक घडी करून खिशात ठेवत होता. तो चहा मला गेला नाही. पण का गेला नाही, हे मी स्वतःला विचारलं नाही. चौकशी दोन बैठकांत संपली. मॅडमना आत यायला मनाई झाली, मग त्यांनी राजीनामा दिला. कंपनीला ॲसिडिटीच्या गोळ्यांपलीकडचं संशोधन बंदच करायचं होतं, मी फक्त निमित्त पुरवलं. नायट्रोजनची टाकी परत गेली आणि मला सांगण्यात आलं, पेशी नष्ट करून खोली रिकामी कर.

इन्क्युबेटरमध्ये 'अ'च्या फ्लास्कांपासून दूर पेशींचा एक वेगळा फ्लास्क होता. त्यावर मॅडमच्या अक्षरात लिहिलं होतं : 'ब, शेवटची कुपी'. त्या गेल्यावरही मी सवयीने त्याला मीडियम घालत होते. म्हटलं, टाकण्यापूर्वी यातही ब्रेक नाही हे एकदा दाखवून देऊ, म्हणजे कुणाला बोलायला जागा राहणार नाही. मॅडम परतल्यापासून पिपेट पुन्हा वेगळ्या झाल्या होत्या, आणि या फ्लास्कला मी सुरुवातीपासून नवी बाटली दिली होती. मॅडमचा नियम म्हणून नव्हे, जुनी बाटली संपली होती म्हणून.

पट्टी बाहेर आली. 'अ' लख्ख. 'ब' मंद.

मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा यंत्राचा खटका दाबताना मला कळून चुकलं होतं. आठ आठवडे एका पिपेटने मी थोड्याथोड्या 'अ' पेशी 'ब'च्या घरात सोडत गेले होते. त्या भराभर वाढल्या आणि सावकाश वाढणाऱ्या 'ब'चा मागमूस राहिला नाही. मॅडमनी परत येऊन ज्या तपासल्या त्या नावापुरत्या 'ब' होत्या. पेन्सिलीचे आकडे बनावट नव्हते. शाईचेही नव्हते. मी ती खाडाखोड नीट वाचली असती तर दिसलं असतं की त्यांनी एक बेरीज दुरुस्त केली होती, आणि ती दुरुस्ती त्यांच्याच दाव्याच्या विरुद्ध जात होती.

मी पट्टी घेऊन साहेबांकडे पळाले. त्यांनी ती पाहिलीही नाही. "आता तो विषय बंद झालाय ना? कशाला उकरून काढताय?" शनिवार-रविवार गेला. सोमवारी खोलीत पाहते तर सामान विभागाच्या लोकांनी इन्क्युबेटर बंद करून गॅसचं सिलिंडर नेलं होतं. फ्लास्क थंडगार. तळाशी राखाडी साका.

हिराताई दारापर्यंत आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी दाराशी ठेवलेला ट्रे उचलला. मग म्हणाल्या, "माज्या हातांसाठी केलंस, ता मना कलतंय. पन मी सांगितला नवता तुला." आणि नळाखाली ट्रे धरून उभ्या राहिल्या.

मी दुसरं पत्रक लिहिलं. मथळा : "आकडे खरे होते". त्यात बाटली, पिपेट, मॅडमचा प्रश्न, माझं न दिलेलं उत्तर, सगळं लिहिलं. बाबा खिळे जुळवताना म्हणाले, "या वेळी एकही उद्गारचिन्ह नाही." त्यांनी दोनशे प्रती काढल्या. मी गेटवर गेले तर आमच्या विभागातलं कुणी उरलं नव्हतं, आणि गोळ्यांच्या विभागातले लोक घाईत होते. एकाने घडी करून खिशात टाकली. एकाने विचारलं, "सभा कधी आहे?" मी विसेक प्रती वाटल्या आणि उरलेला गठ्ठा घेऊन डोंबिवलीला मॅडमच्या घरी गेले.

तिसरा मजला. दाराबाहेर चपलांचा ढीग. मॅडम आता दहावीच्या शिकवण्या घेत होत्या. मला पाहून त्या बाजूला सरकल्या, "ये" म्हणाल्या. आतल्या खोलीत मुलं बसली होती. आम्ही स्वयंपाकघरात उभ्याने बोललो. मी सगळं सांगितलं आणि यंत्राची पट्टी पुढे केली.

त्यांनी ती खिडकीशी नेऊन वाचली. प्रत्येक आकड्यावर बोट ठेवत वाचली. मग विचारलं, "पेशी कुठे आहेत?"

"गेल्या."

"शेवटच्या कुपीतल्यासुद्धा?"

"हो."

"हा प्रयोग केलास तेव्हा बरोबर कोण होतं?"

"कुणी नाही, मॅडम."

"मग हे तू शिजवलं नाहीस कशावरून?" त्या मोठ्याने बोलल्या नाहीत. टोमणाही नव्हता. एखाद्या मुलीची वही तपासताना विचारावं तसं विचारलं.

मी गठ्ठा ओट्यावर ठेवला. त्यांनी वरची प्रत उचलून सगळी वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत. एका ठिकाणी माझ्याकडचं पेन मागून त्यांनी माझी तांत्रिक चूक सुधारली. मी मीडियममधल्या एका रसायनाचं प्रमाण चुकीचं लिहिलं होतं.

"हे आता कुणाला देणार आहेस?"

"तुम्ही सांगाल त्यांना. वर्तमानपत्रांना पाठवते. तुम्ही नोकरीसाठी जिथे जाल तिथे पाठवते."

"जिथे गेले होते तिथे तुझं पहिलं पोहोचलं होतं," त्या म्हणाल्या. "साहेबांनी पाठवलं. हे ते पाठवणार नाहीत."

आतून आवाज आला, "मॅडम, झालं. पुढचं द्या."

मॅडमनी गठ्ठ्यातली एक प्रत उलटी केली. माझी पत्रकं नेहमी एकाच बाजूने छापलेली असत, स्वस्तात व्हावीत म्हणून. "मागून कोरे आहेत," त्या म्हणाल्या. "कागद चांगला आहे." आणि गठ्ठा घेऊन आत गेल्या. मी दाराशी उभी राहिले. त्यांनी प्रत्येकाला दोन-दोन कागद दिले, कोरी बाजू वर ठेवून, आणि फळ्यावर एक उदाहरण लिहिलं. मुलांनी माना खाली घातल्या.

थोड्या वेळाने मागच्या रांगेतल्या एका मुलीने कागद उलटला. ती वाचू लागली. शेजारणीने डोकावलं, मग तिनेही आपला उलटला.

"मॅडम," पहिलीने विचारलं, "हे नाव तुमचंच आहे ना?"

मॅडम फळ्याकडेच पाहत होत्या. "हो."

"खरंय का यातलं?"

त्यांनी खडू खाली ठेवला आणि दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे बोट केलं. "तिने लिहिलंय. तिला विचार."

सगळ्या खोलीने माझ्याकडे पाहिलं.